आम्ही तुमच्या वतीने बंद झालो आहोत

इंग्लंडात आपल्यावर अन्याय झाल्याचं माणसाला टेलिफोनवरून कळतं. तोवर तो बिचारा सुखात असतो. कुकरच्या दोन शिट्ट्या झालेल्या असतात, तिसरीची वाट बघणं चाललेलं असतं आणि फोन वाजतो. पलीकडचा माणूस अत्यंत कळवळून सांगतो, की तुमच्या बँकेनं तुम्हाला फसवलंय आणि तुमचे हजारो पौंड तिच्याकडे पडून आहेत. आपण म्हणावं, "अहो, माझं त्या बँकेत खातंच नाही." तो डगमगत नाही. "मग अलीकडे मोटारीचा अपघात तरी झाला असेल?" तोही झालेला नसतो. यावर त्याच्या आवाजात इतकी खरीखुरी निराशा येते, की साधा अपघातसुद्धा आपल्याला जमू नये याची आपल्यालाच लाज वाटते.

निदान २०१८ च्या सप्टेंबरपर्यंत तरी असं होतं. मग सरकारनं कायदा केला, की गिऱ्हाइकाच्या संमतीशिवाय क्लेमसाठी असे फोन करायचे नाहीत. त्यानंतर फोन कमी झाले आणि रेडिओवरच्या जाहिराती वाढल्या. अन्याय तोच, फक्त आता तो सार्वजनिक झाला.

या सगळ्याच्या मुळाशी होता पीपीआय, म्हणजे पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स. कर्ज घेतलं की बँक हा विमा त्याला चिकटवून द्यायची. तुम्ही आजारी पडलात किंवा नोकरी गेली तर हप्ते विम्यातून भरले जाणार. कल्पना उत्तम. फक्त ज्यांना या विम्याचा एक पैसाही मिळणं शक्य नव्हतं, अशांनाही तो विकला गेला. स्वतःचा धंदा असणाऱ्यांना विकला, निवृत्तांना विकला. निवृत्त माणसाची नोकरी जाण्याची धास्ती नेमकी कोणाला पडली होती, हे त्या बँकांनाच ठाऊक. असे एकूण सुमारे ६ कोटी ४० लाख विमे विकले गेले. ब्रिटनची लोकसंख्याही त्याच्याच आसपास आहे. म्हणजे पाळण्यातली बाळं धरून माणशी एक असा हिशेब बसतो. बाळाच्या नोकरीचीही काळजी वाहणाऱ्या बँका जगात दुसरीकडे सापडणार नाहीत.

२०११ मध्ये बँका हायकोर्टात हरल्या आणि त्यांनी पैसे परत करायला सुरुवात केली. ते करता करता आकडा ३८ अब्ज पौंडांच्या वर गेला. एवढा पैसा वाहू लागल्यावर काठावर दुकानं लागणारच. ती दुकानं म्हणजे क्लेम्स मॅनेजमेंट कंपन्या. लोक त्यांना नुसतं 'क्लेम कंपनी' म्हणतात.

क्लेम कंपनी जे काम करते ते आपल्याला घरबसल्या फुकट करता येतं, ही यातली सर्वांत मोठी गंमत. बँकेला तक्रार लिहायची. आठ आठवडे वाट बघायची. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे जायचं. तिथेही फी नाही, वकील नाही, स्टॅम्प पेपर नाही. पण फुकट होणाऱ्या कामावर आपला विश्वास कधी बसलाय? सरकारी कचेरीच्या दारात झाडाखाली टेबल टाकून बसलेला माणूस दिसल्याशिवाय अर्ज खरा वाटायचा नाही, अशा संस्कारांत आम्ही वाढलो. इथे झाड दिसेना, म्हणून मी कंपनी गाठली.

शिवाय मला बँकेला फोन करायची भीती वाटते. समोरून "आपल्या आईचं माहेरचं आडनाव काय?" असं विचारलं की मी ते आडनाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये सांगायला लागतो, आणि त्यात एक 'एच' कमी की जास्त यावरून माझी ओळखच संशयास्पद ठरते. आजोळचं घराणं पेशवाईपासूनचं असून उपयोग नाही. बँकेच्या कॉम्प्युटरमध्ये ते वेगळ्याच कोणाचं तरी आहे.

कंपनीच्या फोनवरचा मुलगा मात्र फारच गोड होता.

"सर, तुम्हाला काहीही करावं लागणार नाही."

आयुष्यभर हे वाक्य ऐकण्यासाठीच माझे कान आसुसलेले होते.

"आणि तुमची फी?"

"नो विन, नो फी, सर. जिंकलो तर वीस टक्के."

"अधिक व्हॅट," मागून बायकोचा आवाज आला. ती स्पीकरवर ऐकत होती.

"अधिक व्हॅट," मुलानं मान्य केलं.

"म्हणजे चोवीस टक्के," बायको म्हणाली. "हजार पौंड आले तर दोनशे चाळीस यांचे. एक पत्र लिहायचे दोनशे चाळीस पौंड? अरे, तू मला दे, मी शंभरात लिहिते."

ही वीस टक्क्यांची मर्यादासुद्धा कायद्यानं २०१८ मध्ये घातली होती. त्याआधी कंपन्या आपापल्या प्रेमानुसार घेत. पण मी सही केली. बायकोनं शंभर पौंडांत पत्र लिहिलं असतं हे खरं, पण ते लिहून झालं का, पोस्टात टाकलं का, असं मला तिला विचारता आलं नसतं. कंपनीला विचारता येईल, अशी माझी समजूत होती.

मग कागदपत्रं सुरू झाली. पहिला कागद 'लेटर ऑफ ऑथॉरिटी'. या कर्जाबाबत यापुढे माझ्या वतीनं ही कंपनी बोलेल, पत्रव्यवहार तिच्याशी करावा, असं मी बँकेला त्यात लिहून दिलं. हा कागद वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण मी तो विसरलो. दुसरा कागद म्हणजे प्रश्नावली. '२००५ साली कर्ज घेताना विक्री प्रतिनिधीने आपल्याला विमा ऐच्छिक असल्याचे सांगितले होते काय?' आता २००५ साली आम्ही ते कर्ज सोफा आणि वॉशिंग मशीनसाठी घेतलं होतं, आणि त्या दिवशीच्या संभाषणातलं मला एकच आठवतं. सोफ्याचा रंग कोणता घ्यावा यावर आमचं बँकेतच भांडण झालं होतं. प्रतिनिधी काय म्हणाला ते आम्हा दोघांनाही ऐकूच आलं नव्हतं. मी तसं प्रामाणिकपणे लिहिलं. कंपनीनं ते 'ग्राहकाला योग्य माहिती मिळाली नाही' असं सुधारून घेतलं. हा व्यावसायिकपणा पाहून माझा त्यांच्यावरचा विश्वास दुणावला.

तोवर देशभर अर्नोल्ड श्वार्झनेगर ओरडायला लागला होता. अर्नोल्ड म्हणजे त्याचं नुसतं डोकं. फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी, म्हणजे एफसीए, ही बँकांवर नजर ठेवणारी गंभीर संस्था. तिनं पीपीआयच्या तक्रारींसाठी २९ ऑगस्ट २०१९ ही शेवटची तारीख ठरवली आणि ती लोकांच्या मनावर ठसवायला या नटाचं यांत्रिक डोकं बनवून घेतलं. खाली रणगाड्याचे पट्टे लावलेलं ते धडाशिवायचं डोकं जाहिरातीत सुपरमार्केटमधून वगैरे फिरायचं आणि काय ते आत्ताच ठरवा म्हणून लोकांवर खेकसायचं. ४ कोटी २० लाख पौंडांच्या या मोहिमेचा खर्च बँकांकडूनच वसूल केला होता. आमच्याकडे तारीख जवळ आली की तलाठी दवंडी पिटवायचा. इथे तीच दवंडी टर्मिनेटरनं पिटली, एवढाच फरक. आणि परिणामही तोच झाला. सगळे शेवटच्या आठवड्यात धावले आणि बँकांवर अर्जांचा असा पूर आला, की उत्तरं यायला पुढचं वर्ष उजाडलं.

मी मात्र निर्धास्त. माझी कंपनी होती. दर वेळी फोन केला की नवा 'केस हँडलर' भेटायचा आणि तो मला माझीच गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावायचा. माझ्या सोफ्याच्या रंगाची कथा त्या इमारतीत बहुतेक सगळ्यांनी ऐकली असावी. शेवटी "मग माझ्या केसचं काय?" असं विचारलं की किबोर्डवर थोडी टकटक व्हायची आणि उत्तर यायचं, "सर, इट्स प्रोग्रेसिंग." माझ्या लहानपणी आमच्या गावचा पूलही असाच प्रोग्रेसिंग होता. पण मधेच कंपनीकडून एक अभिमानानं भरलेलं पत्र आलं. १ एप्रिल २०१९ पासून क्लेम कंपन्या एफसीएच्या देखरेखीखाली आल्या होत्या. त्याआधी २००७ पासून हे काम न्याय मंत्रालयाकडे होतं आणि देखरेखीचं कार्यालय बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावी होतं. ते गाव बिअरसाठी प्रसिद्ध आहे. आता कारभार थेट लंडनला आला होता, आणि माझी कंपनी म्हणत होती, 'आम्ही या कडक नियमांचे स्वागत करतो.'

मुंजीत बटू भिक्षावळीचं स्वागत करतो, तेवढाच काळ हे स्वागत टिकलं. २०२० च्या वसंतात दुसरं पत्र आलं.

ते पत्र म्हणजे गद्यलेखनाचा उत्तम नमुना होता. 'व्यवसायाच्या धोरणाचा सखोल आढावा घेतल्यानंतर आम्ही आमची अधिकृतता स्वेच्छेने परत करण्याचा निर्णय घेतला आहे. आपल्याला सर्वोत्तम सेवा मिळावी हाच यामागील हेतू आहे.' मी ते दोनदा वाचलं. मला सर्वोत्तम सेवा मिळावी म्हणून ते सेवा बंद करत होते! एवढं आत्मज्ञान संतांनाही उशिरा होतं.

"म्हणजे काय?" मी बायकोला विचारलं.

"म्हणजे ते गेले."

"पण ते म्हणतात आपल्या वतीनं..."

"हो. तुझ्या वतीनं ते बंद झाले."

तसं पाहिलं तर त्यात त्यांची काही चूक नव्हती. कंपनीला असं जाता येतं. एफसीएकडे अर्ज करायचा, गिऱ्हाइकांना कळवायचं, चालू कामं पूर्ण करायची किंवा कोणाकडे तरी सोपवायची, आणि परवाना परत करून मोकळं व्हायचं. पीपीआयची तारीख उलटून गेली होती. नवा धंदा येणार नव्हता. नियम वाढले, फी घटली. मग थांबून करायचं काय? माझ्या सोफ्याची गोष्ट ऐकत बसायचं?

तरी खातरजमा म्हणून मी एफसीएचं रजिस्टर उघडलं. कोणती कंपनी अधिकृत आहे ते त्यात कोणालाही पाहता येतं. माझ्या कंपनीच्या नावापुढे 'आता अधिकृत नाही' असं लिहिलं होतं. त्या तीन शब्दांत जे स्पष्ट होतं, ते सांगायला कंपनीला दोन पानं लागली होती.

ही बातमी आमच्या मराठी मंडळींत पसरायला वेळ लागला नाही. लॉकडाऊनचे दिवस होते. लोकांना दुसऱ्याच्या अडचणींची भूक लागली होती. एक काका फोनवर म्हणाले, "तुझे पैसे घेऊन पळाले का रे?"

"नाही काका, मी त्यांना काही दिलंच नव्हतं. नो विन, नो फी."

"मग काय घेऊन पळाले?"

"काहीच नाही."

काकांची फारच निराशा झाली. "काहीच न घेता पळणारे मी पहिल्यांदा बघतोय," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. दुसरे एक गृहस्थ सगळं वाचून असतात. त्यांनी धीर दिला, "सरकारची भरपाईची योजना आहे ना! बँक बुडाली तर ८५,००० पौंडांपर्यंत मिळतात." मी आनंदानं वाचायला बसलो. बँकेतल्या ठेवींना ते संरक्षण होतं. क्लेम कंपन्यांच्या कामाला नव्हतं. भरपाई मिळवून देणाऱ्याच्या जाण्याची भरपाई मिळत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

त्याच आठवड्यात आणखी एका क्लेम कंपनीचा फोन आला.

"सर, तुमची केस आता आमच्याकडे आली आहे."

"कोणी दिली?"

"तुमच्या आधीच्या कंपनीनं."

"माझ्या परवानगीशिवाय?"

"त्यासाठीच फोन केलाय, सर. फक्त 'हो' म्हणा."

भाड्याचं घर सोडताना जुना फ्रीज नव्या भाडेकरूच्या गळ्यात मारतात, तसा मी एकीकडून दुसरीकडे सरकवला जात होतो. फ्रीजला निदान कोणी 'हो म्हणा' असं म्हणत नाही. मी नाही म्हणालो. मग आणखी एक फोन आला. त्यांच्याकडेही माझी केस 'आली' होती. एकच केस किती जणांकडे एकदम येऊ शकते, याचं कौतुक करावं की पोलिसांना कळवावं, हे मला ठरवता येईना. बायकोनं प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचं ठरवलं. "तुमचा रजिस्टरवरचा नंबर काय?" हा प्रश्न विचारल्यावर फोनवरची लाईन आपोआप कट व्हायची. असं उत्तम औषध मी पाहिलेलं नाही. पुढे तिनं ते एका नातलगावरही वापरून पाहिलं.

शेवटी नाइलाज म्हणून बँकेला मीच फोन केला. आईच्या माहेरच्या आडनावाचा 'एच' पार करून मी आत शिरलो.

"माझ्या पीपीआयच्या तक्रारीचं काय झालं?"

"माफ करा, सर. या तक्रारीबद्दल आम्हाला तुमच्याशी बोलता येणार नाही."

"का?"

"कारण तुम्हीच आम्हाला तसं लिहून दिलंय. तुमच्या प्रतिनिधीशीच बोलावं म्हणून."

इथे वाचकांना तो पहिला कागद आठवावा. "पण तो प्रतिनिधी आता नाही," मी म्हणालो.

"आमच्या नोंदीत आहे, सर."

"त्यांनी परवाना परत केलाय. त्यांना माझ्या वतीनं बोलता येत नाही."

"अगदी बरोबर, सर. आणि तुम्हालाही येत नाही."

माझ्या कर्जाबद्दल बोलायला जगात आता कोणीच पात्र उरलं नव्हतं. कर्ज मी घेतलेलं, हप्ते मी फेडलेले, सोफ्यावर बसलेलाही मी, आणि तरी त्या कर्जाच्या बाबतीत मी त्रयस्थ होतो. मार्ग एकच होता. ज्या कंपनीकडे अधिकार राहिलेला नाही, तिला दिलेला अधिकार मी काढून घेत आहे, असं पत्र बँकेला पाठवायचं. मी पाठवलं. पत्र मिळालं का म्हणून फोन केला, तर उत्तर आलं, "पत्राबद्दल सांगू शकत नाही, सर. अजून अधिकार काढून घेतल्याची नोंद व्हायची आहे." आमच्याकडे भाऊबंदकीचे दावे तीन पिढ्या चालतात, पण स्वतःच स्वतःविरुद्ध उभं राहण्याची सोय मी इंग्लंडातच पाहिली.

नोंद झाली आणि खरी गोष्ट बाहेर आली. बँकेनं अंतिम उत्तर फेब्रुवारीतच पाठवलं होतं. कुठे? कंपनीच्या पत्त्यावर. त्यात एक ऑफरही होती. कंपनी तेव्हा स्वतःच्या धोरणाचा सखोल आढावा घेत असल्यामुळे माझ्या पत्राचा आढावा घ्यायला कोणी मोकळं नव्हतं. आणि अंतिम उत्तराच्या तारखेपासून सहा महिन्यांत ओम्बड्समनकडे जावं लागतं. घड्याळ फेब्रुवारीपासूनच चालू होतं, आणि ते कोणाच्या टेबलावर चालू होतं हे मला ठाऊकच नव्हतं. कंपनी बंद पडते, पण मुदत बंद पडत नाही. ज्यांची कंपनी अशी अधिकृतता सोडून जाते, त्यांनी बाकी काही केलं नाही तरी चालेल, पण बँकेकडून एवढं एक विचारून घ्यावं, की उत्तर गेलंय का आणि कोणत्या तारखेला.

मधल्या काळात कंपनीकडून माझी फाईल परत आली. चांगली जाड होती. माझ्या केसवर इतकं काम झालंय हे पाहून मला भरून आलं. उघडली. आत माझंच सहीचं पत्र होतं, माझीच प्रश्नावली होती, माझ्याच पासपोर्टची प्रत होती, आणि बँकेला लिहिलेलं एक पान होतं. त्यात माझं नाव एका ठिकाणी बरोबर होतं. बाकी सगळं मीच त्यांना पाठवलेलं होतं. हे सगळं करायला मी चोवीस टक्के द्यायला निघालो होतो.

"मी शंभरात म्हटलं होतं," बायको म्हणाली. ही आठवण ती मला अजूनही अधूनमधून करून देते. भाव आता वाढला आहे.

ऑफर पुरेशी वाटेना, म्हणून ओम्बड्समनचा अर्ज मी भरायला घेतला. एक दिवस बाजूला काढला, चष्मा पुसला, चहाचा थर्मास जवळ ठेवला, मुलांना गप्प बसायला सांगितलं. नाव, पत्ता, बँक, काय झालं, तुम्हाला काय हवं. संपला. थर्मास उघडायचीही वेळ आली नाही. इतका सोपा अर्ज पाहून मला अपमान झाल्यासारखं वाटलं. यासाठीच मी वर्षभर 'प्रोग्रेसिंग' ऐकत होतो? काही महिन्यांनी तिथल्या एका बाईंचा फोन आला. त्यांनी सगळे कागद वाचले होते. माझ्या आईचं आडनावही त्यांनी विचारलं नाही. सोफ्याच्या भांडणाची हकीकत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि त्या म्हणाल्या, "विमा ऐच्छिक आहे हे कागदावर लिहिलेलं होतं. पण त्यातलं कमिशन लपवलेलं होतं, तेवढ्यापुरती बँकेची ऑफर रास्त आहे."

हे कमिशन प्रकरणही ऐकण्यासारखं आहे. सुझन प्लेव्हिन या कॉलेजात शिकवणाऱ्या बाई. त्यांनी पीपीआयपोटी भरलेल्या पैशातले ७१.८ टक्के कमिशनमध्ये गेले होते, आणि हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं हा अन्याय असल्याचं म्हटलं आणि माझ्यासारख्या, सोफ्याच्या रंगात गुंतलेल्या लोकांनाही थोडं काहीतरी मिळायची सोय झाली. बाई कोर्टात गेल्या, त्या आमच्यासारख्यांच्या कामी आल्या. त्यांचा फोटो लावायला आमच्या घरी जागा आहे.

पैसे आले. तीनशे आणि वर काही पौंड. त्यात आठ टक्के साधं व्याज धरलेलं होतं आणि त्या व्याजावर वीस टक्के आयकर आधीच कापलेला होता. सरकारला माझ्यावर झालेल्या अन्यायातला वाटा वेळेवर मिळाला, याचं मला समाधान आहे. म्हणजे फेब्रुवारीत जेवढे मिळणार होते, तेवढेच मिळाले. मधल्या काळात मला मिळाला तो अनुभव. तो करमुक्त असतो.

आणि मग कंपनीचं बिल आलं.

ज्या कंपनीनं परवाना परत केला होता, फोन बंद केले होते, ऑफिस सोडलं होतं, तिचा एकच विभाग अजून श्वास घेत होता. वसुलीचा. फेब्रुवारीतली ऑफर आमच्या प्रयत्नांचं फळ आहे, तेव्हा वीस टक्के अधिक व्हॅट, असा मजकूर होता. बायकोनं पत्र हातात घेतलं. "ऑफर आली हे कळवायला यांना वेळ नव्हता, आणि बिल पाठवायला मिळाला?"

तिनं उत्तर लिहिलं. हे पत्र मात्र फुकट लिहिलं, कारण त्यात तिला आनंद होता. परवाना असताना तुम्ही केलेल्या आणि न केलेल्या कामाबद्दल तुम्ही परवाना सोडल्यावरही तक्रार करता येते, आणि ती ऐकायला तेच ओम्बड्समन बसलेले आहेत, एवढंच. ही गोष्ट खरी आहे. परवाना परत केला म्हणून जुना हिशेब पुसला जात नाही. पुन्हा बिल आलं नाही. दिलगिरीही आली नाही. पण दिलगिरीला कदाचित अधिकृतता लागत असेल.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण मी एक काम केलं. आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही हकीकत लिहिली. 'स्वतः करा, सोपं आहे, फुकट आहे' असं शेवटी टाकलं. दुसऱ्या दिवशी मंडळाचे खजिनदार घरी आले. हातात पिशवी, पिशवीत कागद.

"तुम्हाला आता सगळं येतं. जरा माझंही बघता का?"

"काका, स्वतः करता येतं. तेच तर मी लिहिलं होतं."

"हो, हो, वाचलं मी. म्हणूनच तुमच्याकडे आलो."

त्यांच्यामागून त्यांच्या वहिनी आल्या, मग वहिनींची बहीण आली. बघता बघता माझ्या डायनिंग टेबलावर फायली साचल्या. कोणाचं बँक खातं, कोणाचं क्रेडिट कार्ड. आणि मग मोटारींचं प्रकरण आलं. हप्त्यावर गाडी विकताना डीलरला कमिशन मिळायचं आणि कधीकधी तर तुमचा व्याजदरही तोच वाढवायचा. हे वाढीव दराचं कमिशन एफसीएनं जानेवारी २०२१ मध्ये बंद केलं, आणि १ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा या प्रकरणातला निकाल आला. काठावर पुन्हा दुकानं लागली. रेडिओ पुन्हा कळवळू लागला. एफसीए लोकांना सांगतेय, की कंपनीकडे जाऊ नका, मिळतील त्यातले तीस टक्के किंवा जास्तही जातील, तक्रार स्वतः करा, फुकट आहे. आमच्या मंडळातल्या सगळ्यांनी हे लक्षपूर्वक वाचलं आणि स्वतः करायचं म्हणून सगळे माझ्याकडे आले.

आता लोक मला फोन करतात. "माझ्या केसचं काय झालं?" मी किबोर्डवर थोडी टकटक करतो आणि सांगतो, "प्रोग्रेसिंग आहे." कोण कोणती गाडी कधी घेतली हे माझ्या डोक्यात राहत नाही, म्हणून प्रत्येकाला मी गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावतो. एकांचं बँकेचं पत्र परवा चुकून दुसऱ्यांच्या फाईलमध्ये सापडलं. माझ्या मनात त्या जुन्या कंपनीबद्दल हळूहळू सहानुभूती जमा होऊ लागली आहे. बिचारे किती दमले असतील!

परवा रात्री मी बायकोला म्हणालो, "मीही एक पत्र काढतो. व्यवसायाच्या धोरणाचा सखोल आढावा घेतल्यानंतर मी माझी अधिकृतता स्वेच्छेने परत करत आहे."

"कुठली अधिकृतता?"

मी रजिस्टर उघडून पाहिलं. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. ओळखीच्या माणसाला फुकट मदत करायला इंग्लंडात परवाना लागत नाही. आणि जो मिळालाच नाही तो परत कसा करायचा, याची सोय एफसीएकडेही नाही.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. खजिनदार होते. या वेळी त्यांच्याबरोबर त्यांचे व्याही होते, आणि व्याह्यांच्या हातात दोन पिशव्या होत्या.